डबी तीच, नंबर तोच, मग हंटरचा हिरवा दर वेळी वेगळा का?

दर दोन-तीन महिन्यांनी कुणी ना कुणी मला दोन फोटो पाठवतं. एकात प्लास्टिकच्या मॉडेल विमानाच्या किटच्या खोक्यावरचं चित्र, दुसऱ्यात स्वतः रंगवलेलं विमान आणि खाली एक ओळ: "भाऊ, नंबर बरोबर टाकला तरी रंग चुकला." मागच्या वेळी चोपड्याहून आला होता, त्याआधी शिरपूरहून. तक्रार बहुतेक एकाच रंगाची असते. आपल्या हवाई दलाच्या हंटर या जुन्या लढाऊ विमानावरचा डार्क ग्रीन. कुणाचा काळा पडतो, कुणाचा शेवाळी होतो, कुणाचा निळ्याकडे झुकतो. पहिला संशय प्रत्येकाचा नंबरवर जातो. मग हंब्रोल या मॉडेलरंगांच्या कंपनीचा ३० नंबर आणून झाला की १६३ येतो, तोही पटला नाही की ११६ येतो. कपाटात तीन हिरव्या डब्या जमतात आणि विमान तसंच काळं राहतं.

मी जळगावचा. माझ्या शोकेसमध्ये १/७२ चे, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढे, दोन हंटर शेजारी शेजारी उभे आहेत. दोन्ही एकाच १४ मिलीच्या डबीतून रंगवलेले, मध्ये साधारण आठ महिने गेलेले. पहिला काळपट आणि तुकतुकीत, दुसरा फिका, पाटीवर खडू पुसल्यासारखा. बरेच दिवस मी याचं खापर कधी कंपनीवर, कधी डबीच्या वयावर, तर कधी आमच्याकडच्या उन्हावर फोडत होतो. शेवटी अजिंठा चौफुलीजवळ ट्रकच्या पाट्या रंगवणारे एक पेंटरकाका आहेत, त्यांच्याकडे डबी आणि दोन्ही विमानं घेऊन गेलो. ते आयुष्यभर इनॅमलमध्येच, म्हणजे ऑइल पेंटमध्येच, हात घालत आलेत, म्हटलं बघू काय सांगतात.

काकांनी विमानांकडे पाहिलंसुद्धा नाही. डबी उघडली, स्क्रूड्रायव्हर थेट तळाशी घातला, एकदा खरवडला आणि वर काढला. टोकाला जाड, चिकट, जवळजवळ पांढुरका-हिरवा गोळा. तो माझ्या नाकासमोर धरून म्हणाले, "वरनं पानी वापरी टाकं भो तू. रंग तं खाले बसेल शे."

तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा त्या गोळ्यातच असतं, म्हणून आधी तेवढंच नीट समजून घेऊ.

मॉडेलच्या इनॅमलमध्ये चार गोष्टी असतात. अल्किड राळ, ती पातळ ठेवणारं व्हाइट स्पिरिट, रंगाची पूड आणि मॅट (बिनचमकीच्या) किंवा सॅटिन (अर्धवट चमकीच्या) रंगात चमक कमी करणारी आणखी एक बारीक पूड. डबी दुकानात, कुरिअरमध्ये आणि तुमच्या कपाटात महिनोन्‌महिने उभी असते, तेवढ्यात दोन्ही पुडी खाली बसतात. वर राहते ती राळ आणि थोडी हलकी पूड. ती ब्रशने लावली की रंग चमकतो, पातळ वाटतो, खालचा पृष्ठभाग त्यातून दिसतो आणि हिरवा काळा भासतो. पहिलं विमान असं रंगतं. डबीतली राळ वापरून संपत आली की उरलेल्यात गाळाचं प्रमाण वाढतं, मग दुसरं विमान फिकं आणि खडूसारखं होतं. शिवाय डार्क ग्रीन एकाच पुडीचा नसतो. पिवळी, हिरवी, काळी अशा अनेक पुडी त्यात असतात आणि सगळ्या सारख्या वेगाने खाली बसत नाहीत. म्हणून चमकेबरोबर रंगाचा कलही बदलतो. पेंटर लोक म्हणतात तसा तो कधी पिवळा मारतो, कधी निळा.

उपाय ढवळणे. हसू नका. मी दहा वर्षं टूथपिकने ढवळत होतो आणि तळ एकदाही हलला नव्हता. आता सायकलच्या चाकाची तार घेतो, तिचं टोक हातोडीने ठोकून चपटं करतो आणि ते चपटं टोक तळाच्या कडेकडेने फिरवतो, जिथे गाळ कोपऱ्यात दबून बसतो. घड्याळ लावून पाच मिनिटं. जुनी डबी असेल तर दहा. डबी बंद करून जोरजोरात हलवण्यात अर्थ नाही. घट्ट बसलेला गाळ त्याने सुटत नाही आणि वर आलेले बुडबुडे मग पंखावर फुटतात. गाळ दगडासारखा असेल तर झाकण सैल करून डबी कोमट पाण्याच्या वाटीत पंधरा मिनिटं ठेवा आणि पुन्हा तार फिरवा. गॅसजवळ अजिबात नेऊ नका. वर साय आली असेल तर ती आधी चिमट्याने अख्खी उचलून फेका. ढवळलीत तर तिचे तुकडे रंगभर होतील आणि मग जुन्या नायलॉनच्या मोज्यातून गाळत बसावं लागेल.

ढवळून झालं की नाही हे डोळ्याने कळत नाही, त्याला चमचा लागतो. लग्नात आइस्क्रीमबरोबर मिळतात ते पांढरे प्लास्टिकचे चमचे मी खिशात घालून आणतो. (बायकोने आता बोलणं सोडून दिलंय.) पाच मिनिटं ढवळल्यावर एक ठिपका चमच्यावर, आणखी पाच मिनिटांनी त्याच्या शेजारी दुसरा. दुसऱ्या दिवशी दोन्ही ठिपके सारखे वाळले तर डबी तयार. दुसरा पहिल्यापेक्षा जास्त मॅट दिसला तर ढवळणं बाकी आहे. चमच्याच्या मागे मार्करने नंबर आणि तारीख लिहा. पुढच्या विमानाला तोच चमचा नमुना होतो आणि आठ महिन्यांनी आठवणीवर विसंबावं लागत नाही.

एवढं करूनही हिरवा चुकलाच, तर पुढचा संशय उजेडावर. आपण रंगवतो कधी? दुकान किंवा ऑफिस आटोपून, जेवण झाल्यावर, रात्री दहाच्या पुढे. खोलीतला दिवा पिवळट असेल तर हिरवा खाकी दिसतो, राखाडीला तपकिरी झाक येते. मग आपण त्यात निळ्याचा थेंब टाकून तो 'दुरुस्त' करतो आणि सकाळी उठून बघतो तर विमान मोरपंखी. टेबलावर ६५०० केल्विनचा पांढरा एलईडी लावा आणि शेवटचा निर्णय सकाळी आठ-नऊच्या सुमारास, ओसरीत सावलीत बसून घ्या. दुपारच्या आपल्या उन्हात तर काहीच ठरवू नका. त्या झगमगाटात सगळेच रंग धुतल्यासारखे दिसतात.

आता थिनर. रंग नुसता चुकला नसून विमानाच्या अंगावर साय धरल्यासारख्या सुरकुत्या पडल्या असतील, पॅनलच्या रेषा बुजल्या असतील, तर गडबड इथे आहे. हार्डवेअरच्या दुकानात नुसतं 'थिनर द्या' म्हटलं की बहुतेक वेळा एनसी थिनरची बाटली हातात येते. ते फर्निचरच्या लॅकरसाठी असतं आणि किटचं पॉलिस्टायरिन प्लास्टिक विरघळवतं. इनॅमलला लागतं ते मिनरल टर्पेन्टाइन, म्हणजे वर सांगितलेलं व्हाइट स्पिरिटच. तोच शब्द उच्चारून मागा आणि घरी आल्यावर आधी किटच्या रिकाम्या फ्रेमच्या तुकड्यावर थेंब टाकून बघा. प्लास्टिक चिकट झालं तर बाटली परत करा. रॉकेल वापरणारेही भेटतात. त्याचा तेलकटपणा मागे राहतो, रंग कित्येक दिवस ओलसर राहतो आणि त्यावर धूळ बसून छटा आपोआप मातकट होते. आमच्याकडे वारं सुटलं की ती धूळ कापसाच्या शेतातून थेट घरात येते, हे वेगळं सांगायला नको.

खान्देशातला उन्हाळा हे एक प्रकरणच आहे. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो. पत्र्याच्या खोलीत एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारा) चालवलात तर रंगाचा थेंब विमानापर्यंत पोचायच्या आतच निम्मा वाळतो. तो पंखावर चिकटतो रवाळ होऊन. हात फिरवला तर बारीक सॅंडपेपरसारखं लागतं. असा खरखरीत पृष्ठभाग उजेड विस्कटतो आणि हिरवा त्याच्या मूळ रंगापेक्षा फिका, धुरकट दिसतो. लोक याला 'रंग जुना झाला' म्हणतात आणि नवी डबी मागवतात. मी एप्रिल ते जून पहाटे साडेपाच ते सात एवढ्यातच एअरब्रश हातात घेतो, रंगात टर्पेन्टाइन नेहमीपेक्षा थोडं जास्त घालतो आणि एअरब्रश विमानाच्या जवळ धरतो. कुलरसमोर रंगवू नका. एकदा कुलरच्या वाळ्याची काडी माझ्या ग्नॅट विमानाच्या उजव्या पंखावर जाऊन बसली, ती आजही तिथेच आहे. मी तिला अँटेना म्हणतो.

वाळण्याबद्दलही गैरसमज आहे. व्हाइट स्पिरिट उडून गेलं की इनॅमल हाताला कोरडं लागतं, पण राळ खरी कडक होते ती हवेतला ऑक्सिजन घेऊन, आणि त्याला दिवस लागतात. म्हणून एका रात्रीनंतर त्यावर तेलाचा किंवा इनॅमलचा वॉश, म्हणजे रेषांत उतरणारा अगदी पातळ गडद रंग, मारला तर खालचा थर सुटतो, दोन रंग एकमेकांत मिसळतात आणि डार्क ग्रीन व हंटरवरचा दुसरा रंग डार्क सी ग्रे यांच्या मधोमध चिखलाची पट्टी उठते. आठवडाभर थांबा, मधे ॲक्रिलिक ग्लॉसचा एक थर द्या, मग वॉश. वॉश काळा असेल तर अख्खं विमान एक छटा गडद होतं, हेही हिशोबात धरा. मी काळ्याऐवजी गडद तपकिरी वापरतो.

सगळ्यांचा आवडता विषय म्हणजे नंबर. इथे थोडा वेळ घालवू, कारण गोंधळ नंबर चुकण्याचा नसून नंबर कुणाचा आहे हे न कळण्याचा आहे.

हंटर इंग्रजांचा. भारताने १९५७ मध्ये त्याची ऑर्डर दिली आणि ती विमानं ब्रिटिश रंगयोजनेत आली. वरून डार्क ग्रीन आणि डार्क सी ग्रे. हे रंग ब्रिटिश मानकाचे, म्हणजे बीएस ३८१सी मधले ६४१ आणि ६३८. हे झाले मूळ नंबर. हंब्रोलचे १६३ आणि १६४ हे त्या कंपनीच्या डब्यांचे क्रमांक, मानकाशी त्यांचा आकड्याने काही संबंध नाही. दोन्ही सॅटिन आहेत हेही लक्षात ठेवा. त्याच कंपनीचा ३० सुद्धा डार्क ग्रीन म्हणूनच मिळतो, पण तो मॅट. चमक वेगळी म्हणजे दिसणारा गडदपणा वेगळा, तेव्हा तुलना करायची तर दोन्हींवर एकच वार्निश मारून करा.

तिसरा प्रकार अमेरिकेचा एफएस. फेडरल स्टँडर्ड ५९५ हे मानक १९५६ चं. त्यातला पाच आकडी नंबर वाचायला सोपा आहे. ३४०७९ घ्या. पहिला ३ म्हणजे मॅट (१ असता तर चकचकीत, २ असता तर मधला), दुसरा ४ म्हणजे हिरव्यांचा गट, उरलेले तीन आकडे साधारण उजळपणाच्या क्रमाने. आकडा जितका लहान तितका रंग गडद. राखाडीचा गट ६, म्हणून ३६ ने सुरू होणारे सगळे मॅट राखाडी. हे कळलं की एखाद्याने हंटरसाठी ३० ने सुरू होणारा नंबर सुचवला तर तुम्ही लगेच म्हणाल की बाबा, हा तपकिरी आहे.

हंटरच्या हिरव्याला एफएसमध्ये जवळचा म्हणून ३४०७९ सांगतात, आणि हंब्रोल ११६ येतो तो या वाटेने. पण ३४०७९ मुळात व्हिएतनामच्या काळातल्या अमेरिकन विमानांवरचा. तो ६४१ चा चुलतभाऊ आहे, सख्खा नव्हे. आणि किटच्या कागदावर काय होतं? ब्रिटिश रंगाला जवळचा अमेरिकन, त्याला जवळचा किट कंपनीचा स्वतःचा, त्याला जवळचा तुमच्या शहरात मिळणारा. लहानपणी कानगोष्टी खेळायचो, शेवटच्या पोराच्या कानात काय पोचायचं ते आठवा. म्हणून किटच्या कागदावरच्या नंबरवरून सुरुवात करू नका. विमान कोणत्या देशात, कोणत्या मानकाने रंगवलं गेलं तो मूळ नंबर शोधा आणि तिथून एकाच उडीत डबीपर्यंत या.

दुसऱ्या महायुद्धाच्या विमानाला कुणी एफएस नंबर दिला तर तो नंतर जुळवलेला आहे, कारण तेव्हा हे मानकच नव्हतं. स्पिटफायरला ब्रिटिश नावं, मेसरश्मिटला आरएलएमचे आकडे, म्हणजे जर्मन विमान मंत्रालयाचे. आरएलएम ७४, ७५, ७६ वेगळे आणि आज दुकानात दिसणारे आरएएल (दुसऱ्याच एका रंग-मानकाचे नंबर) वेगळे. अक्षरं सारखी वाटतात म्हणून दोघांची गल्लत करणारे पुष्कळ आहेत.

आपल्याकडे घरगुती इनॅमलच्या शेड कार्डवर तीन आकडी नंबर दिसतात, तो आयएस ५, आपला भारतीय मानक. त्याची मुळं ब्रिटिश मानकातच आहेत, त्यामुळे काही आकडे जुळतातही. डार्क ॲडमिरल्टी ग्रे दोन्हीकडे ६३२. हे रंग मॉडेलच्या इनॅमलमध्ये मिसळतात, दोघांनाही टर्पेन्टाइन चालतं. पण घरगुती रंगाची पूड जाडी आणि थर लठ्ठ, १/७२ च्या पंखावरच्या रेषा भरून जातात. मी ते स्टँड आणि धावपट्टीच्या पाटीला वापरतो, विमानाला नाही.

नंबर बरोबर, ढवळणं बरोबर, उजेड बरोबर, तरी छोट्या विमानावर हिरवा जड वाटतो, हेही खरं. लांबून बघितलेली खरी वस्तू मधल्या हवेमुळे फिकट दिसते आणि १/७२ चं विमान हातभर अंतरावरून बघणं म्हणजे खरं विमान बरंच लांबून बघणं. मॉडेलवाल्यांत चालत आलेला हिशोब असा की १/७२ ला सुमारे १५ टक्के, १/४८ ला १० टक्के फिका रंग मिसळावा. म्हणजे सतरा थेंब हिरव्याला तीन थेंब. बहुतेक जण पांढरा टाकतात. माझं मत वेगळं आहे. डार्क ग्रीनमध्ये पांढरा पडला की तो थंड, पुदिन्यासारखा होतो. मी फिका राखाडी किंवा बिस्किटी टाकतो, रंग फिकटतो पण कल बदलत नाही. आणि ही मिसळ ढवळलेल्या डबीतच करा, नाहीतर खाली बसलेला गाळ पुढच्या वेळी तेच काम दुप्पट करून ठेवेल.

कधीकधी मात्र अमुकच बरोबर असं म्हणायची सोयच नसते. १९७१ च्या युद्धाआधी आपल्या चंदेरी मिग-२१ आणि सुखोई-७ विमानांवर अनेक ठिकाणी तळावरच, मिळेल तो रंग घेऊन हिरवे-तपकिरी पट्टे ओढले गेले. त्याला कुठलाही एफएस नंबर 'अधिकृत' म्हणून लावणं चुकीचं. तिथे त्या एका विमानाचा, त्या शेपटी क्रमांकाचा फोटो शोधा आणि त्यावरून हात चालवा. लोंगेवालाला रणगाडे टिपणारा, जैसलमेरहून उडालेला हंटर करत असाल तर वरचे दोन रंग ठाम आहेत, पण पोट चंदेरी की फिकं राखाडी हे त्या ठरावीक विमानाच्या फोटोवरून ठरवा, खोक्याच्या चित्रावरून नको.

फोटोंचीही एक खोड सांगतो. दुसऱ्या महायुद्धातले बरेच कृष्णधवल फोटो अशा फिल्मवर आहेत की लाल आणि पिवळा जवळजवळ काळे येतात आणि निळा फिका येतो. ब्रिटिश विमानावरच्या गोल चिन्हाभोवतीचं पिवळं कडं त्यात काळं दिसतं. ते बघून एका मित्राने खरंच काळं कडं रंगवलं होतं. चौकात उभ्या केलेल्या जुन्या विमानांवरही भरवसा नको. ती दर काही वर्षांनी बाजारातल्या रंगाने रंगवली जातात आणि त्यांचा हिरवा ग्रामपंचायतीच्या गेटचा असू शकतो.

२६ सप्टेंबर २०२५ ला मिग-२१ निवृत्त झाल्यापासून ज्याला त्याला मिग करायचाय, म्हणून दोन गोष्टी पटकन. त्याची कॉकपिट आतून निळसर-हिरवी, अमेरिकन इंटिरिअर ग्रीन तिथे चालत नाही. आणि चाकांच्या मधल्या थाळ्या झगझगीत हिरव्या, त्या चूक वाटल्या तरी बरोबर आहेत. ओझरला एवढी वर्षं ही विमानं तयार झाली, तेव्हा नाशिककडे कुणी जुना एचएएलवाला ओळखीचा असेल तर त्याला विचारा. आपल्यापेक्षा त्याला जास्त ठाऊक.

पावसाळ्यात मॅट वार्निश मारल्यावर हिरव्यावर पांढरं धुकं आलं, तर ती रंगाची चूक नाही. वार्निशच्या डबीच्या तळाशीही तीच पूड बसलेली असते, न ढवळता किंवा दमट हवेत जाड मारली की धुकं धरते. वरून टर्पेन्टाइन चोळू नका, खालचा रंग निघेल. कोरडा दिवस बघून ग्लॉसचा पातळ थर द्या, बहुतेक वेळा धुकं जातं, मग नीट ढवळलेलं मॅट पुन्हा.

मला विचारायचं असेल तर जरूर विचारा, पण विमानाचा फोटो रात्रीच्या दिव्यात काढून पाठवू नका, त्यातून मला काही कळत नाही. चमच्याचा फोटो सकाळच्या सावलीतला, थिनरच्या बाटलीचं लेबल आणि डबी तिरपी करून तळाचा एक फोटो, एवढं पाठवा.